खांदेरीचा किनारा

इंग्रजांच्या जुन्या कागदांत आणि सागरी नकाशांत मुंबई बंदराच्या दक्षिणेस ‘हेनरी’ आणि ‘केनरी’ अशी दोन नावे आढळतात. नवख्या वाचकास वाटावे, विलायतेतून निघालेले दोघे भाऊ वाटेत गलबत फुटून येथेच वसले असावेत. ही नावे अर्थातच उंदेरी आणि खांदेरी यांची. थळ गावासमोरच्या समुद्रात उभी असलेली ही दोन बेटे मुंबईकरांस मांडव्याच्या बोटीतून दुरून दिसतात आणि अलिबागकरांस रोजच दिसतात. नावांचा हा अपभ्रंश आम्ही आरंभीच सांगतो, कारण खांदेरीचा इतिहास आपण आजवर ज्या कागदांतून वाचला, ते कागद या बेटाला ‘केनरी’ म्हणणाऱ्यांचे आहेत. ज्यांच्या भाषेत त्याचे नाव नीट उच्चारले जात होते, त्यांनी लिहून ठेवलेले फार थोडे हाती लागते.

प्रथम स्थळ डोळ्यांपुढे आणू. खांदेरी किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत आहे. दोन लहान टेकड्या, मधे खोलगट भाग, आणि त्या खोलगटाशीच होडी लावण्याजोगी जागा. उंदेरी त्याहून किनाऱ्याच्या पुष्कळ जवळ, ठेंगणी, खडकाळ. दोहोंमधले अंतर एवढे की एकीवरच्या तोफेचा गोळा दुसरीवर पडावा. किनाऱ्यावर समोर थळ. उत्तरेकडे नवगाव, किहीम, पुढे आवास, सासवणे आणि मांडवा. दक्षिणेस वरसोली आणि अलिबाग. आणखी खाली चौल-रेवदंडा. मागे पूर्वेला डोंगराच्या ओळीत सागरगड. ही सारी गावे एका दिवसाच्या पायी प्रवासात येतात. बेटाकडे पाहणाऱ्याने पाठीमागची ही गावेही पाहिली पाहिजेत, एवढाच आमचा आग्रह आहे, आणि पुढील लेख त्या आग्रहापोटीच लिहिला आहे.

१६७९च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता ओसरला नसताना, शिवाजी महाराजांची माणसे खांदेरीवर उतरली. त्यांचा प्रमुख मायनाक भंडारी. शे-दीडशे कोसांच्या मोहिमा करणाऱ्या राज्याच्या हिशेबात ही लहानशी तुकडी होती. काहीशे माणसे, त्यांत लढवय्ये आणि कामकरी दोन्ही, सोबत मोजक्या लहान तोफा. उतरल्या दिवसापासून त्यांनी दगड रचावयास घेतले. वेळ विचारपूर्वक निवडलेली होती. त्या दिवसांत मोठी जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकून राहू शकत नाहीत. किनाऱ्यावरच्या लहान होड्यांस मात्र उधाणाची आणि उघडिपीची वेळ ठाऊक असते. नारळी पौर्णिमेनंतर दर्यात उतरणाऱ्या कोळ्याला जे समजते, ते मुंबईच्या कौन्सिलाला समजावयास आणखी महिना लागणार होता.

या ओसाड बेटाची गरज का पडली, हे एका वाक्यात सांगता येते. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या पदरी होता. त्याचे आरमार पावसाळा मुंबईच्या आश्रयास काढी आणि तेथून निघून कुलाब्याच्या किनाऱ्यावर जाळपोळ करी. जंजिरा आणि मुंबई यांच्यामधल्या वाटेवर खांदेरी आहे. तेथे ठाणे बसले की सिद्दीची वाट अडते आणि मुंबई बंदरात येणारे-जाणारे प्रत्येक शीड नजरेत येते. इंग्रजांना हे तत्काळ उमगले. पोर्तुगिजांकडून मुंबई मिळाली तेव्हा भोवतालची बेटेही तिच्याबरोबर मिळाली, असा दावा त्यांनी पुढे केला. बेट रिकामे होते तोवर त्या दाव्याची आठवण कोणाला झाली नव्हती, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

सप्टेंबरात इंग्रजांनी आधी काही शिबाडे धाडली. बेटाला गराडा घालावा, किनाऱ्याशी संबंध तोडावा, म्हणजे आतली माणसे उपासमारीने निघून जातील, हा बेत. त्या महिन्यातच थॉर्प नावाचा त्यांचा अधिकारी बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात मारला गेला. मग ‘रिव्हेंज’ हे मोठे लढाऊ जहाज आले, सोबत दोन गुराबा, तीन शिबाडे आणि दोन मचवे. एकूण आठ गलबतांचा ताफा, त्यावर कीग्विन आणि मिंचिन हे अधिकारी. १८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाचे आरमार किनाऱ्याकडून वल्ही मारीत एकदम चालून आले. नांगर उचलावयासही पुरता अवधी मिळाला नाही, इतक्या वेगाने. ‘डोव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती पडली, बाकीची गलबते पांगली, आणि एकटी ‘रिव्हेंज’ तोफांच्या बळावर टिकली. इतकेच नव्हे, तिने मराठी होड्यांना मागे रेटून नागोठण्याच्या खाडीपर्यंत त्यांचा पाठलाग केला. इंग्रज इतिहासकारांनी हा प्रसंग आवडीने रंगविला आहे. एक जहाज आणि त्याच्याभोवती चाळीस-पन्नास होड्या, हे चित्र कोणालाही मोहात पाडील असेच आहे.

आणि तरीही, त्या दिवशीचा विजय कोणाचा, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. १८ ऑक्टोबरनंतरही खांदेरीवर दगडावर दगड चढतच राहिला. नोव्हेंबरात सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या साह्यास आले, बेटावर गोळ्यांचा मारा झाला, तरी काम थांबले नाही. समुद्रात दोन-दोन आरमारे उभी असता बेटावरची माणसे काय खात होती? त्यांची दारू, गोळे, लाकूड, दोर कोठून येत होते?

उत्तर त्याच इंग्रजी कागदांत आहे, तक्रारीच्या सुरात विखुरलेले. रात्री होड्या निसटतात. थळ-नवगावच्या बाजूने लहान, उथळ तळाच्या, वल्ह्यांच्या होड्या अंधारात निघतात, उंदेरीच्या खडकांच्या आडून जातात, पहाटेपूर्वी माल उतरवून परत येतात. मोठी जहाजे त्यांच्या मागे उथळ पाण्यात शिरू शकत नाहीत. वारा पडला तर शीड निरुपयोगी, आणि वल्ह्यांची होडी वाऱ्याची वाट पाहत नाही. रॉबर्ट ऑर्मने अठराव्या शतकात हे कागद वाचून आपला ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यालाही या होड्यांच्या चपळाईची दखल घ्यावी लागली. पुढे १९३१ साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ प्रसिद्ध केले, त्याआधीच्या वर्षी ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ आला, आणि मराठी अभ्यासकांस ही पत्रे सलग वाचणे शक्य झाले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य वाचावीत. पत्र लिहिणारा मनुष्य वरिष्ठांपुढे आपल्या अपयशाचे कारण सांगू पाहतो, तेव्हा त्याच्या लेखणीतून नकळत कितीतरी खरे उतरते. शौर्याच्या वर्णनात जे सापडत नाही, ते सबबीत सापडते. खांदेरीच्या बाबतीत रात्रीच्या होड्या ही अशीच एक सबब. आमच्या मते सारी हकिकत त्या सबबीभोवतीच फिरते.

बेट थळने राखले, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने. मायनाक भंडाऱ्याचे धैर्य कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु किनाऱ्यावर धान्य गोळा झाले, ते कोणाच्या तरी कणगीतून आले. होडी निघाली, ती कोणाच्या तरी दारातून निघाली. वल्ही मारणारे हात कोळ्यांचे आणि भंडाऱ्यांचे होते. यांपैकी कोणाचेही नाव इंग्रजी पत्रात नाही. शत्रूच्या कागदात सरदाराचे नाव येते, कारण त्याच्याशी बोलणी करावी लागतात. होडीवाल्याशी कोण बोलणी करणार?

येथे एका मराठी पत्राची आठवण अपरिहार्य आहे. मुरुडसमोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग उभा राहत होता त्या काळातले, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास महाराजांनी लिहविलेले ते खरमरीत पत्र बहुतेक अभ्यासक्रमांत केव्हा ना केव्हा वाचले जाते. ऐवज आणि धान्य वेळेवर पोहोचले नाही, एवढाच त्याचा विषय. पण त्या पत्राची धार अशी की ते आजही एखाद्या सुस्त कचेरीत वाचून दाखवावे. वर्गात आपण ते बहुधा भाषेसाठी वाचतो, किंवा जातिनिरपेक्ष करारीपणाचा दाखला म्हणून वाचतो. दोन्ही वाचने योग्यच आहेत. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. समुद्रातला दुर्ग हा रोजच्या रोज किनाऱ्यावरून उभा करावा लागतो, हे त्या पत्र लिहविणाऱ्याला पक्के ठाऊक होते. डोंगरी किल्ल्यावर धान्याची कोठारे भरून वर्षभर दरवाजा बंद करता येतो. बांधकाम चालू असलेल्या बेटावर ती सोय नसते. पद्मदुर्गाचा अनुभव गाठीशी असलेल्या राज्याने खांदेरीला हात घातला तेव्हा समोर थळसारखा किनारा आपल्या ताब्यात आहे ना, हे आधी पाहिले असले पाहिजे.

‘आज्ञापत्रा’तील आरमाराचे प्रकरणही याच दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्यात जहाजांसाठी लाकूड तोडण्याविषयी जो मजकूर आहे तो सर्वांच्या परिचयाचा: आंबा-फणसाची झाडे आरमाराच्या कामाची असली तरी रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांस हात लावू नये, झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मग तोडावे. आपण हा उतारा पर्यावरणाच्या भाषणांत हल्ली फार ऐकतो. मुळात तो राज्यकारभाराचा उतारा आहे. ज्या गावाच्या आंब्यावर कुऱ्हाड पडते, ते गाव रात्री होडी सोडीत नाही. रामचंद्रपंत अमात्यांना हे शब्दांत सांगण्याची गरज वाटली नसावी, इतके ते उघड होते.

मायनाक हे नावही क्षणभर थांबून पाहू. सभासदाच्या बखरीत आरमाराच्या प्रमुखांमध्ये दर्यासारंगाबरोबर या भंडारी सरदाराचा उल्लेख येतो, आणि तेथे हे नाव ‘माय नाईक’ असे फोडून वाचता येते. पुढे त्याचे ‘मायनाक’ रूढ झाले, आणि त्याला पुराणातल्या मैनाक पर्वताची छाया चिकटली. इंद्राने डोंगरांचे पंख छाटले तेव्हा समुद्रात दडून राहिलेला तो पर्वत. समुद्रात तट उभारणाऱ्या माणसाला शोभणारी ही छाया आहे खरी. पण शोभते म्हणून ती खरी मानण्याचे कारण नाही. ‘नाईक’ हे आरमारातल्या कष्टाच्या श्रेणीचे नाव. ते पुसून तेथे पौराणिक पर्वत बसविला की माणूस मोठा होतो आणि त्याचे काम दिसेनासे होते. आम्हांस ‘माय नाईक’च अधिक प्रिय.

लढाईचा शेवट विचित्र झाला. १६८०च्या जानेवारीत सिद्दी कासमने, इंग्रजांनाही पुरती कल्पना न देता, उंदेरी ताब्यात घेतली आणि तिच्यावर तोफा चढविल्या. त्याला खांदेरी इंग्रजांसाठी जिंकावयाची नव्हतीच. दौलतखानाने उंदेरीवर हल्ला चढविला, तो फसला, आणि दौलतखान स्वतः जखमी झाला. इकडे सिद्दीवरचा इंग्रजांचा विश्वास उडाला. ते तहाला आले आणि खांदेरीवरचा मराठी अंमल त्यांनी मुकाट्याने चालू दिला. ‘डोव्ह’वर पकडलेले खलाशी सागरगडावर कैदेत ठेवले होते. डोंगराच्या माथ्यावरून स्वच्छ दिवशी समुद्र दिसतो. आपले जहाज जेथे गेले ते पाणी त्या कैद्यांना रोज समोर दिसत असेल. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले. त्यापूर्वी अवघे काही दिवस, मार्च महिन्यात, अलिबागच्या खडकावर कुलाबा किल्ल्याचे काम सुरू करण्यात आले होते. खांदेरी आणि कुलाबा एकत्र पाहिले म्हणजे शेवटच्या वर्षात त्यांचे लक्ष कोठे होते ते कळते.

इतिहासाची पुस्तके येथे प्रकरण संपवितात. किनाऱ्याचे प्रकरण येथे सुरू होते. खांदेरी मराठ्यांकडे आणि उंदेरी सिद्दीकडे, ही स्थिती जवळजवळ ऐंशी वर्षे राहिली. मराठ्यांनी उंदेरी घेतली ती १७६०च्या सुमारास. ऐंशी वर्षे म्हणजे तीन पिढ्या. या काळात उंदेरी हा थळच्या दारातला शत्रू होता. खांदेरी लांब, उंदेरी जवळ. सिद्दीच्या होड्या तेथून सुटत आणि गावांवर पडत. माल नेत, गुरे नेत, माणसेही नेत. थळच्या किनाऱ्यावर खूबलढा नावाचा कोट होता. त्याचे अवशेष आज झाडीत आणि घरांत इतके मिसळले आहेत की मुद्दाम विचारल्याशिवाय दिसत नाहीत. नाव मात्र लखलखीत आहे. ‘खूब लढा’: एखाद्या राजाने बिरुद म्हणून दिलेले वाटत नाही, ज्यांच्या डोळ्यांदेखत तो लढला त्यांच्या तोंडचे वाटते. दुर्गांना विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग अशी संस्कृत नावे देण्याच्या काळात हे रांगडे नाव टिकले, यावरूनच ते गावाचे असावे असे आम्ही समजतो.

आंग्र्यांच्या काळात खांदेरीचे दिवस पालटले. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे आणि शाहू महाराज यांच्यात जो करार झाला त्यात खांदेरी कान्होजींकडे राहिली. १७१८च्या नोव्हेंबरात मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने तिच्यावर मोठा ताफा नेला आणि तो हात हलवीत परत आला. चाळीस वर्षांपूर्वी वेढ्याने जे साधले नाही ते आता चढाईनेही साधले नाही. त्या वेळी अपयशाचे खापर एका पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या फितुरीवर फोडले गेले. सबबींचे साहित्य किती समृद्ध आहे, हे आम्ही वर म्हटलेच आहे.

आंग्र्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे, म्हणून येथे अधिक लिहीत नाही. पेशवाई बुडाल्यावर बेटाचे लष्करी महत्त्व सरले. १८६७पासून खांदेरीच्या माथ्यावर अष्टकोनी दीपगृह उभे आहे. ज्या बेटाने मुंबईत येणाऱ्या जहाजांवर नजर ठेवावी म्हणून तट चढविला, तेच बेट त्यांना वाट दाखवू लागले. १९९८ साली बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. नाव गौरवाचे आहे. गावात मात्र कोणी बेटाला त्या नावाने हाक मारताना ऐकू येत नाही. खांदेरी ती खांदेरीच.

बेटावर पाहण्याजोगे काय आहे? तटबंदी, लोखंडी चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या तोफा, लहान दगडाने ठोकले असता धातूसारखा नाद देणारा तो प्रसिद्ध खडक, आणि वेताळाचे देऊळ. पहिल्या तिन्ही गोष्टींची छायाचित्रे सर्वत्र दिसतात. वेताळाकडे इतिहासाचे प्रवासी सहसा पाठ फिरवितात. कोळी मात्र बेटावर येतो तो वेताळासाठी. तोफा कोणाच्या, तट कोणी बांधला, हे त्याला ठाऊक असो वा नसो, या पाण्यात जाळे टाकावयाचे तर वेताळाला नारळ दिला पाहिजे, हे त्याला ठाऊक आहे. शिबंदी गेली, सरकारे बदलली. बेट आणि किनारा यांच्यामधली जा-ये ज्यांनी कधी थांबू दिली नाही ते हेच लोक. वेताळाचे देऊळ हा त्या जा-येचा पुरावा आहे. तटाइतकाच भक्कम.

आता थोडे उत्तरेस नवगावकडे वळू, कारण या पाण्याची सर्वांत जुनी आठवण तेथे सांगितली जाते. बेने इस्रायली लोकांची परंपरा अशी की त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते याच किनाऱ्यावर, खांदेरी-उंदेरीच्या आसपासच्या खडकांवर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. जी प्रेते वाहून आली ती नवगावात पुरली, पुरुषांची एका ठिकाणी, स्त्रियांची दुसऱ्या ठिकाणी. वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांनी मराठी घेतली आणि गावांची नावेही घेतली. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांच्या नावांना ‘कर’ जोडून तयार झालेली त्यांची आडनावे म्हणजे या किनाऱ्याचा एक नकाशाच आहे. त्या समाजाचा विस्तृत इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे आडनावही किहीमवरून आलेले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८९७ साली लिहून झाला आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. किहीमच्या माणसाने लिहिलेला इतिहास दूर देशी प्रसिद्ध व्हावा आणि त्यात नवगावच्या दोन टेकाडांची हकिकत असावी, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

या परंपरेचा काळ कोणता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि ते मिटण्याजोगे नाहीत. येथे आम्हांला तिचे वेगळेच महत्त्व वाटते. मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या कथेत खांदेरीचे खडक म्हणजे मोक्याची जागा. बेने इस्रायलींच्या कथेत तेच खडक म्हणजे मृत्यू आणि किनारा म्हणजे जगणे. या कथेत बेटाला नाव नसले तरी चालते, पण गावाला नाव असावेच लागते, कारण मृतांस मूठमाती देणारी जागा तेथे आहे. साहित्याच्या अभ्यासकास हा फरक सांगावा लागू नये. एकाच भूमीविषयीच्या दोन कथांत कोणत्या जागेला नाव आहे आणि कोणती जागा निनावी आहे, यावरून ती कथा कोणासाठी सांगितली गेली ते समजते.

११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत खांदेरी आहे. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांच्या जोडीने तिचे नाव आले याचा आनंद आम्हांसही झाला. तथापि यादी नीट वाचली तर दिसते की खांदेरी आली, उंदेरी आली नाही. कुलाबा नाही, सागरगड नाही, आणि थळच्या खूबलढ्याचे नाव कोणी घेण्याचे कारणच नव्हते. यादीला मर्यादा असणारच. बारा म्हणजे बाराच. पण नाव ‘भूप्रदेश’ असे दिले आहे, आणि भूप्रदेश हा शब्द काही मागणी करतो. खांदेरीचा भूप्रदेश म्हणजे बेट, समोरचा शत्रूचा खडक, दोहोंमधले उथळ पाणी, किनाऱ्यावरचा कोट, होड्या ओढून ठेवण्याची वाळू आणि कैदी ठेवण्याचा डोंगर. यातला एक तुकडा उचलून जपला तर तो तुकडा वास्तू म्हणून टिकेल. तो तेथे का बांधला आणि कसा टिकला, हे मात्र त्या तुकड्यावरून सांगता येणार नाही.

हा आक्षेप केवळ शाब्दिक नाही. मुंबईच्या इतक्या जवळ असल्यामुळे या किनाऱ्यावरची जमीन झपाट्याने हातबदल करीत आहे. किहीम-आवासच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांभोवती उंच भिंती उभ्या राहिल्या. थळजवळ १९८०च्या दशकात खताचा मोठा कारखाना आला. त्याच्या धुराड्या आता समुद्रातून ओळखीच्या खुणा झाल्या आहेत. यातले काही टाळता येण्याजोगे होते, काही नव्हते, आणि कारखान्याने अनेक घरांत पगार आणला हेही खरे. परंतु बेटाला संरक्षित म्हणून कुंपण पडेल, त्याच वेळी किनाऱ्यावर होडी लावण्याची वाळू खाजगी भिंतींमध्ये आक्रसत जाईल, तर पुढल्या पिढीला १६७९च्या त्या रात्रींची कल्पना कशी द्यावयाची? वर्गात नकाशा काढून दाखविता येतो. पण अंधारात, भरतीच्या वेळी, दिवा न लावता उंदेरीच्या कोणत्या बाजूने होडी काढावी, हे ज्ञान नकाशात नसते. ते थळच्या आणि वरसोलीच्या कोळीवाड्यांत, बापाकडून मुलाकडे येते. तेही जोवर मुलगा दर्यावर जातो तोवरच.

महाविद्यालयांच्या सहली खांदेरीला निघतात तेव्हा बहुधा थळलाच होडीत बसतात आणि संध्याकाळी थळलाच उतरतात. मधल्या वेळात बेट पाहून होते: तोफा मोजल्या जातात, वाजणारा दगड वाजविला जातो, दीपगृहाशी छायाचित्र निघते. आमची सूचना इतकीच की ओहोटी लागण्यापूर्वी परत यावे आणि उरलेला तासभर थळमध्ये घालवावा. ओल्या वाळूवर आडव्या पडलेल्या होड्यांचा तळ पाहावा; तो किती उथळ आहे ते हाताने मोजावे. मग खूबलढ्याची जागा कोणाला तरी विचारावी. सांगणारा बहुधा हात करून जागा दाखवील, आणि लगेच विचारील की खांदेरीला गेला होता तेव्हा वेताळाला नारळ दिला की नाही.